समाजाचा पैसा आणि संगणकाची साखळी
(संस्थेच्या टोकनविषयी एक अभ्यास)

आपल्या समाजात संगणक शिकलेली एक पिढी आता तयार झाली आहे, ही आनंदाची बाब आहे. संस्थांच्या बैठकांमधून या पिढीकडून एक सूचना येऊ लागली आहे. संस्थेने स्वतःचे 'टोकन' काढावे, त्यासाठी मोबाईलचे ॲप तयार करावे आणि देणगी, श्रमदान, विद्यार्थ्यांची मदत हे सर्व व्यवहार 'ब्लॉकचेन' पद्धतीने नोंदवावेत, अशी ती सूचना आहे. अशा वेळी ज्येष्ठ मंडळी दोहोंपैकी एक गोष्ट करतात. एक तर "हा जुगार आहे" म्हणून विषय उडवून लावतात, नाही तर "पोरांना समजते, करू द्या" म्हणून मान डोलावतात. आमच्या मते ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत. कल्याणकारी संस्थेच्या पेटीत येणारा पैसा हा निंदण-वेचणीला जाणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीतून सुटलेला असतो. त्या पैशाविषयी 'हो' म्हणायचे की 'नाही', हे समजून घेऊनच ठरवावे लागते. आम्ही बँकेत लिपिकाचे काम करतो. संगणकाचे शास्त्र हा आमचा विषय नव्हे, परंतु हिशेब हा आहे. त्या बाजूने हा विषय जसा आम्हाला उलगडला तसा वाचकांपुढे ठेवत आहोत.

ब्लॉकचेन म्हणजे काय?

ब्लॉकचेन ही मुळात एक वही आहे. पावती पुस्तक, रोजकीर्द आणि खतावणी आपल्या परिचयाच्या आहेत. पावतीची मूळ प्रत देणगीदाराला जाते आणि स्थळप्रत आपल्याकडे राहते. पावत्यांना अनुक्रमांक छापलेले असतात, म्हणून मधले एक पान फाडले तर ते लगेच उघडकीस येते. ब्लॉकचेनमध्ये हेच तत्त्व गणिताने पक्के केलेले आहे.

काही नोंदींचा एक गठ्ठा करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्या गठ्ठ्यावर गणिताची एक क्रिया करून त्याचा एक आकडा काढतात. त्याला 'हॅश' म्हणतात. आपण त्याला त्या गठ्ठ्याच्या अंगठ्याचा ठसा म्हणू. पाचशे रुपयांच्या पावतीत एक शून्य वाढवून पाच हजार केले, तर हा ठसा पूर्ण बदलतो. पुढच्या गठ्ठ्यात मागच्या गठ्ठ्याचा ठसा लिहिलेला असतो, त्याच्या पुढच्यात त्याचा, अशी साखळी तयार होते. मधली नोंद कोणी बदलली तर तिथून पुढचे सर्व ठसे जुळेनासे होतात. शिवाय ही वही एका कपाटात नसते. तिच्या प्रती अनेक संगणकांवर एकाच वेळी असतात. एकाने आपली प्रत खरडली तरी बाकीच्यांच्या प्रती साक्षीला असतात.

२००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बिटकॉइनची कल्पना मांडली गेली. जानेवारी २००९ मध्ये त्या साखळीचा पहिला ब्लॉक तयार झाला. २०१५ साली 'इथेरियम' ही साखळी सुरू झाली. तिच्यावर नुसत्या नोंदी नव्हे, तर अटीही लिहून ठेवता येऊ लागल्या. अमुक झाले तर तमुक द्यावे, अशी अट संगणक आपोआप पाळतो. त्यास 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. आज संस्था आणि मंडळे जी टोकने काढतात, ती बहुधा अशाच कॉन्ट्रॅक्टवर उभी असतात.

आपल्या विदर्भातील उदाहरण

हे सारे परदेशातले आहे असे समजण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली या दुर्गम उपविभागात २०२२ साली प्रशासनाने ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याचे काम हाती घेतले. 'लेजिटडॉक' या कंपनीने त्याची रचना केली आणि नोंदीसाठी 'पॉलिगॉन' ही साखळी वापरली. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन या भारतीय तरुणांनी ती सुरू केली होती. त्याआधी २०२१ साली महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळाच्या पदविका प्रमाणपत्रांसाठीही ही पद्धत अवलंबली गेली होती.

यात नेमके काय केले जाते? प्रमाणपत्राचा ठसा साखळीवर नोंदवतात आणि कागदावर चौकोनी क्यूआर चिन्ह छापतात. महाविद्यालयाने किंवा नोकरी देणाऱ्या कार्यालयाने ते चिन्ह मोबाईलने वाचले की समोरचा कागद आणि मूळ दिलेला कागद एकच आहे किंवा नाही ते लगेच कळते. बनावट दाखल्यावर कोणी जागा बळकावली तर खऱ्या हक्कदाराचे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. एका कागदाचे मोल त्या पिढीने अनुभवले आहे.

परंतु इथे एक मर्यादा ओळखावी. साखळी एवढेच सांगते की हा कागद दिला गेला तसाच आहे. दिला गेला तेव्हा त्यातील मजकूर खरा होता की नाही, हे ती सांगू शकत नाही. म्हणून जात पडताळणी समितीचे काम संपत नाही. हीच गोष्ट संस्थेच्या हिशेबाची. जी पावती फाडलीच नाही, तिचा ठसा कोणत्याही साखळीवर उमटत नाही. खोटी नोंद पहिल्यांदाच खोटी लिहिली, तर साखळी ती खोटीच, पण कायमची जपून ठेवते. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची असा नियम असतो. यंत्र कितीही आधुनिक आले तरी तो दुसरा माणूस काढून टाकता येत नाही.

टोकन आणि रुपयाचा प्रश्न

आता टोकनकडे वळू. ज्या वस्तूचे अंगचे मोल थोडे, परंतु विश्वासामुळे जिचे मोल जास्त धरले जाते ती वस्तू म्हणजे टोकन. या अर्थाने टोकन आपल्या भागाला नवे नाही. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, आता वाशिम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळा या गावी सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. दीड हजारांहून अधिक असलेली ती नाणी पोटिन नावाच्या मिश्र धातूची आहेत, म्हणजे सोन्याचांदीची नाहीत. हलक्या धातूच्या त्या तुकड्यांवर दोन हजार वर्षांपूर्वी वऱ्हाडात बाजार चालत होता, तो राजाच्या छापावरील विश्वासाने.

मग प्रश्न उरतो तो छाप मारणाऱ्याचा. त्याने किती नाणी काढावीत? यावर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शास्त्रशुद्ध विचार केला आहे. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९२५ साली हिल्टन यंग यांच्या राजकीय चलन आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. तेव्हाच्या पद्धतीत रुपये काढण्यावर सरकारला पक्की मर्यादा नव्हती, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. चलन वाढले की वस्तू महागतात आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणून भार गरिबावर पडतो. यासाठी रुपयाच्या निर्मितीलाच कायद्याने ठाम मर्यादा असावी, असा उपाय त्यांनी सुचविला.

काही तरुण याचा आधार घेऊन म्हणतात की बिटकॉइनची संख्याही दोन कोटी दहा लाखांवर बांधलेली आहे, तेव्हा बाबासाहेबांचे म्हणणे तेच होते. हे बरोबर नाही. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती भाव स्थिर राहावेत म्हणून. संख्या बांधलेली असूनही बिटकॉइनचा भाव वर्षभरात दुप्पट होतो किंवा निम्म्यावर येतो. ज्या साधनाने मजुराची आजची मजुरी उद्या किती राहील हे सांगता येत नाही, त्याला या विचाराचा आधार जोडता येणार नाही.

मात्र मूळ प्रश्न संस्थेच्या टोकनलाही तंतोतंत लागू पडतो. हिशेबासाठी समजा, संस्थेने दहा हजार रुपये जमा करून एक हजार टोकने दिली. प्रत्येक टोकनमागे दहा रुपये आहेत. नंतर ॲपची चावी ज्याच्या हाती आहे त्याने रुपये जमा न करता आणखी एक हजार टोकने काढली. आता टोकने दोन हजार आणि रुपये दहा हजारच. प्रत्येकामागे पाच रुपये उरले. कुणाच्या खिशाला हात न लावता प्रत्येकाचे अर्धे मोल गेले. म्हणून "ॲप कोण बनवणार?" याच्या आधी "टोकन काढण्याची चावी कोणाकडे राहणार?" हे बैठकीत विचारावे.

परदेशातील तीन अनुभव

पहिला अनुभव केनियाचा. मोंबासा शहराच्या एका गरीब वस्तीत २०१३ साली 'बांगला-पेसा' नावाची कागदी कुपने सुरू झाली. भाजीवाली, शिंपी, पाणी विकणारा असे छोटे व्यावसायिक रोख रकमेची चणचण असताना आपसात ती स्वीकारीत. सुरुवातीला सरकारने चालकांना बनावट चलनाच्या संशयावरून अटक केली, पुढे आरोप मागे घेतले. तेच काम नंतर 'सराफू' या नावाने ब्लॉकचेनवर आले. विशेष म्हणजे ते साध्या बटणाच्या मोबाईलवरही चालत असे. या योजनेमागे आधी एकमेकांना ओळखणारी, एकमेकांचा माल घेणारी माणसे होती आणि यंत्र त्यानंतर आले, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा अनुभव संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा. २०१७ साली जॉर्डनमधील अझराक छावणीत सुमारे दहा हजार सीरियन निर्वासितांना 'बिल्डिंग ब्लॉक्स' या योजनेतून धान्याची मदत मिळू लागली. दुकानात डोळ्यांची ओळख पटवली की त्या माणसाच्या नावची रक्कम वजा होई आणि नोंद साखळीवर होई. दर व्यवहारामागे बँकेला द्यावे लागणारे शुल्क वाचले. परंतु ती साखळी बाजारातली सार्वजनिक नव्हती, खासगी होती, आणि तिच्यावरील रकमेची सट्टेबाजी होऊ शकत नव्हती.

तिसरा अनुभव भारताचाच. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत उल्लेख आलेल्या संदीप नैलवाल यांनी आभासी चलनात देणग्या घेणारा निधी उभारला. मे महिन्यात इथेरियमचे संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी त्यास 'शिबा इनू' नावाची टोकने दिली. त्या दिवशीच्या भावाने कागदावर त्यांची किंमत सुमारे शंभर कोटी डॉलर होती. बातमी फुटताच भाव कोसळला आणि प्रत्यक्षात त्यातील काही भागच पैशात बदलता आला. शिवाय परदेशी देणगीच्या कायद्यामुळे तो पैसा भारतातील कामापर्यंत पोहोचवणेही सोपे गेले नाही. कागदावरचे मोल आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेला रुपया यांत किती अंतर असते, ते यावरून समजावे.

धोक्याची घंटा

महाराष्ट्राने फसवणुकीचाही अनुभव घेतला आहे. 'गेनबिटकॉइन' या योजनेत दरमहा दहा टक्के असा अठरा महिने परतावा देण्याचे आमिष दाखविले गेले. पैसे परत करण्याची वेळ आली तेव्हा गुंतवणूकदारांच्या हाती योजनेचेच 'एमकॅप' नावाचे टोकन देण्यात आले, ज्याचे बाजारात फारसे मोल नव्हते. २०१८ साली पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधारास अटक केली. बिटकॉइन हा शब्द नवा होता, युक्ती मात्र जुनीच होती. नातलगाने नातलगाला आणि सहकाऱ्याने सहकाऱ्याला ओढून आणावयाचे. समाजाच्या नावाने निघालेल्या टोकनात हा धोका अधिक, कारण समाजाच्या माणसाला नाही म्हणणे अवघड जाते. "आज घ्या, उद्या भाव वाढेल" हे वाक्य संस्थेच्या व्यासपीठावरून एकदाही उच्चारले जाऊ नये.

कायदा काय म्हणतो?

ब्लॉकचेन वापरण्यास भारतात बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आभासी चलनाच्या व्यवहारांना बँकसेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. परंतु बंदी नाही याचा अर्थ मान्यता आहे असा होत नाही. आभासी चलन हे देशाचे कायदेशीर चलन नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लागला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का करकपात आली. मात्र भेटकुपने आणि बक्षीस गुण यांना शासनाने त्या व्याख्येतून वगळले आहे. आपल्या टोकनचे स्वरूप ठरविताना हा फरक सनदी लेखापालाला विचारून पक्का करावा.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार, लगेच न लागणारा निधी विश्वस्तांनी मान्यताप्राप्त बँकेत, टपाल बचत खात्यात किंवा सरकारी रोख्यांत ठेवावयाचा असतो. बाजारी टोकनमध्ये तो ठेवण्याची मुभा नाही. परदेशी नागरिकत्व असलेल्या बांधवांची देणगी परकीय अंशदान कायद्याच्या नोंदणीविना आणि त्यासाठी नेमलेल्या बँक खात्याविना घेता येत नाही. ती टोकनच्या वाटेने आली म्हणून कायदा लागू होत नाही, असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्कही नागरिकाला दिला आहे. साखळीवर लिहिलेले पुसता येत नाही, हा पेच त्यामुळे उभा राहतो.

ॲप करावयाचेच ठरले तर

वर्धा नदीच्या काठच्या आपल्या कौंडण्यपूरसारख्या गावातील संस्थेने हे काम हाती घ्यावयाचे ठरविले, तर आमच्या अल्पमतीने पुढील क्रम असावा.

१) पैसा रुपयातच ठेवावा. देणगी बँकेत किंवा यूपीआयने घ्यावी. २०१६ साली सुरू झालेली ही सोय खेड्यातही रुळली आहे. साखळीवर फक्त पावतीचा ठसा नोंदवावा. वर्षअखेरीस लेखापरीक्षकाने तपासलेल्या ताळेबंदाचाही ठसा नोंदवावा, म्हणजे मागाहून पान बदलल्याचा संशय कुणाला राहणार नाही.

२) टोकन काढायचे तर ते श्रमाचे काढावे. एक तास शिकवणी घेतली, एक तास वाचनालय सांभाळले, की एक टोकन. त्यावर पुस्तक वाचायला किंवा अभ्यासिकेत जागा मिळावी. ते विकता येऊ नये, रुपयात बदलता येऊ नये आणि दुसऱ्याच्या नावे करता येऊ नये. या तीनही अटी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिता येतात. ज्याला भाव नाही त्याचा सट्टा होत नाही.

३) चावी एकाकडे नसावी. बँकेचा धनादेश दोन सह्यांनी चालतो. तसे पाचपैकी तिघांनी मान्यता दिल्याखेरीज नवे टोकन निघू नये, अशी सोय साखळीवर आहे. त्या पाचांत निदान दोन महिला असाव्यात. चावी परत मिळवण्याचे बारा किंवा चोवीस शब्द असतात. ते कागदावर लिहून सीलबंद ठेवावेत, मोबाईलमध्ये ठेवू नयेत. ते हरवले तर देण्यास कोणतीही शाखा नाही, आणि चोरास मिळाले तर थांबविण्यास कोणताही व्यवस्थापक नाही.

४) कुणाचे नाव, जात, आजार किंवा मोबाईल क्रमांक साखळीवर लिहू नये. नुसता मोबाईल क्रमांकाचा ठसा लिहूनही भागत नाही. दहा आकडी क्रमांक मोजकेच असल्याने संगणक सर्व क्रमांकांचे ठसे काढून मूळ क्रमांक शोधू शकतो. म्हणून ठसा काढण्याआधी माहितीत गुप्त, यादृच्छिक अक्षरे मिसळतात. त्यास 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात. ही खबरदारी घेतली आहे काय, हे ॲप करणाऱ्यास अवश्य विचारावे.

५) आधी चाचणी जाळ्यावर करून पाहावे. तिथे खऱ्या पैशाची गरज नसते. पॉलिगॉनच्या अशा जाळ्याचे नाव पूर्वी 'मुंबई' होते. २०२४ साली ते बंद होऊन 'अमॉय' आले. म्हणजे साखळीचीही नावे आणि व्यवस्था बदलतात. संस्थेची जुनी रोजकीर्द मात्र वाचता आली पाहिजे, म्हणून कागदी पावती पुस्तक बंद करू नये. प्रत्यक्ष साखळीवर नोंदीचे शुल्क तिच्याच चलनात भरावे लागते. ते चलन संस्थेने स्वतः खरेदी करून बाळगू नये. सेवा पुरविणाऱ्याने ते भरून रुपयात देयक द्यावे.

६) ज्याच्याकडे मोठा मोबाईल नाही त्याचा हक्क कमी होऊ नये. आजीबाईच्या श्रमाची नोंद वहीत होऊन तिला छापील कार्ड मिळाले पाहिजे. जी योजना शेवटच्या माणसाला बाहेर ठेवते ती कल्याणकारी म्हणता येणार नाही.

हे सर्व वाचून कुणी विचारील, की मग साधी वही आणि बँकेचे पासबुक काय वाईट? प्रश्न रास्त आहे. जिथे पाचपंचवीस माणसे एकमेकांस ओळखतात आणि दरमहा सर्वांपुढे हिशेब वाचला जातो, तिथे ब्लॉकचेनची गरज नाही. जिथे देणगीदार मुंबईत, नागपुरात, परदेशात विखुरलेले आहेत, विश्वस्त बदलत राहतात आणि जुन्या नोंदींविषयी वाद होतात, तिथे ठशांची साखळी खरोखर उपयोगी पडते. गरज आधी ठरवावी, यंत्र नंतर आणावे.

समारोप

तरुणांची सूचना धुडकावून लावू नये, कारण हिशेब उघडा असावा ही त्यामागची तळमळ योग्यच आहे. त्यांनी ॲप तयार करावे, आणि ज्येष्ठांनी त्यांना वरील प्रश्न विचारावेत. ज्याची उत्तरे साध्या मराठीत, सर्वांना समजतील अशी मिळतात ते काम हाती घ्यावे. ज्याची मिळत नाहीत ते थांबवावे. रुपयाचा प्रश्न बाबासाहेबांनी परक्या सरकारला विचारला होता. आपल्या संस्थेच्या कारभाऱ्यांनाही तो विचारण्याचा हक्क प्रत्येक वर्गणीदाराला आहे, मग त्याची वर्गणी दहा रुपयांची का असेना. तो हक्क येत्या वार्षिक सभेपासूनच बजावावा, अशी आमची सर्व बंधु-भगिनींना नम्र विनंती आहे.